बगळ्याचा दुसरा पाय

दिल्लीत जून महिन्यात, बाहेर लू वाहत असताना, भरदुपारी पंखा बंद करून बसणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. आमच्या समोरच्या फ्लॅटमधले खोब्रागडेकाका. एसी बंद, कूलर बंद, खिडक्या घट्ट लावलेल्या आणि हॉलच्या मधोमध टेबलाशी बनियनवर बसलेले काका. कपाळाला पट्ट्याने बांधलेलं भिंग. हनुवटीवरचा घाम कामावर टपकू नये म्हणून लहान मुलाच्या लाळेऱ्यासारखा गळ्यात अडकवलेला नॅपकिन. आपण दार ढकललं की मान वर न करता ते एक हात उचलायचे.

"होल्ड!"

म्हणजे आहात तिथे उभे राहा. पाय उचलला असेल तर तो हळूच खाली ठेवा. श्वास घ्यायला हरकत नाही, पण जपून.

कारण त्यांच्यापुढे लाकडाचे कागदाएवढे पातळ तुकडे पसरलेले असायचे. बाजारात त्याला व्हिनिअर म्हणतात. सागवान, शिसम, अक्रोड, हळदीसारखं पिवळंधमक हळदू, असे हे वेगवेगळ्या लाकडांचे पापुद्रे बारीक सुरीने कापायचे, एकाच्या खाचेत दुसरा बसवत बसवत चित्र जुळवायचं आणि ते चित्र लाकडी पेटीच्या झाकणावर चिकटवायचं. रंगाचा एक थेंब वापरायचा नाही. जो काही रंग असेल तो लाकडाचा स्वतःचा. बघायला काम फार देखणं. काकू त्या पापुद्र्यांना 'पापड' म्हणायच्या, तेही काका ऐकत नसताना.

एकदा माझ्या नवऱ्याला, मिलिंदला, त्या टेबलाशेजारी शिंक आली. बिचाऱ्याने नाक दाबलं, तोंड दाबलं, डोळ्यांतून पाणी काढलं, पण शिंक ती शिंकच. सकाळपासूनचं काम सोफ्याखाली गेलं.  भिंग वर सरकवून काकांनी मिलिंदकडे असं काही बघितलं, की तो माफी मागायचं विसरून सरळ घरी निघून आला. तेव्हापासून मिलिंदला त्यांच्या उंबऱ्याच्या आत प्रवेश नाही. कुरिअर असो की कोथिंबीर, तो बाहेरूनच हात लांब करून देतो.

काका मूळचे भंडाऱ्याकडचे, पण सगळी नोकरी दिल्लीच्या विमानतळावर झाली. एअर ट्रॅफिक कंट्रोलर. आभाळात घोंगावणाऱ्या विमानांना एकेक करून खाली उतरवायचं, कुणाला कुणाच्या वाटेत येऊ द्यायचं नाही, आणि हे सगळं आवाज न चढवता. निवृत्तीनंतर विमानं सुटली आणि आम्ही सापडलो. कामवालीने बेल वाजवली की आतून आवाज येतो, "स्टँडबाय!" वॉचमनने इंटरकॉमवर काही सांगितलं की, "से अगेन?" 'नाही' हा शब्द त्यांच्याकडे नाहीच. "काका, चहा घेता?" "निगेटिव्ह."

आणि रीडबॅक. काकूंनी मला खालून काही आणायला सांगितलं की काका टेबलावरून म्हणणार, "अर्चना, रीडबॅक?" मग मी शहाण्या मुलीसारखं म्हणायचं, "दही, लाल पाकीट, आजच्या तारखेचं." "करेक्ट," काका म्हणणार, आणि मगच मी लिफ्टकडे निघायचं. ऐकण्यात एकाची चूक झाली तर आभाळात काय होऊ शकतं हे त्यांना माहीत. त्यामुळे दह्याच्या बाबतीतही ते धोका पत्करत नाहीत.

सुमनकाकू या सगळ्यात मजेत राहायच्या. ठेंगण्या, सावळ्या, नाकात लाल खड्याची चमकी, हातात पाटल्या. "बाप्पा, यांचं आपलं चालूच," एवढी एकच तक्रार, तीही हसत. हॉलमध्ये पंखा बंद, म्हणून त्या स्वयंपाकघरात एक टेबलफॅन लावून बसायच्या. मी गेले की मलाही त्यातला अर्धा वारा मिळायचा.

मग मे महिन्यात काकूंना धाप लागायला लागली. जिना सोडा, आंघोळ करून बाहेर आल्या तरी पलंगाच्या कडेला बसून राहायच्या. तपासण्या झाल्या. हृदयाची एक झडप निकामी झाली होती, ती बदलायला हवी होती, आणि त्यासाठी छाती उघडायला लागणार होती. डॉक्टरांनी जूनअखेरची तारीख दिली.

हॉस्पिटलातून तपासण्या करून दोघं परत आले, त्याच्या दुसऱ्याच दिवशी काकांनी आमची बेल वाजवली. "अर्चना, कीर्तीनगरला येतेस का? लाकूड बघायचंय."

मला वाटलं, धक्का बसलाय माणसाला, एकटं सोडायला नको. मेट्रोने गेलो. कीर्तीनगरच्या लाकूडबाजारात एका दुकानात काकांनी पांढरं व्हिनिअर मागितलं. दुकानदाराने एक ताव काढला. काकांनी तो उजेडात धरला, वास घेतला, बोटाने टिचकी मारली.

"निगेटिव्ह. इससे सफेद."

दुसरा, तिसरा, पुढचा. दुकानदार म्हणाला, "अंकलजी, सफेद तो सफेद होता है."

"बगले जैसा सफेद," काका म्हणाले.

अख्खा गठ्ठा उपसून झाल्यावर दुकानदाराने थंडगार पाण्याचा ग्लास मागवला. मला वाटलं आमच्यासाठी. तो त्याने स्वतःच घटाघटा प्यायला. मग आत जाऊन कुठल्या तरी कोपऱ्यातून एक जुनी सुरळी घेऊन आला, आणि काका म्हणाले, "अ‍ॅफर्मेटिव्ह."

परतताना मी विचारलं, "काय करताय काका?"

"पेटी."

"कुणासाठी?"

"स्टँडबाय."

 आमचं द्वारका येईपर्यंत काका ती सुरळी मांडीवर धरून खिडकीबाहेर बघत बसले.

आणि तिथून त्या घरातले दिवस जड व्हायला लागले. काकू आत पलंगावर, दोन उशांना टेकून, श्वास मोजत. काका बाहेर टेबलाशी, भिंग लावून, सुरी हातात. त्या काळात माणसाने बायकोजवळ बसावं, पाठीवरून हात फिरवावा, निदान चार शब्द बोलावेत! हे महाशय सकाळी बसले की जेवायलाच उठणार. मी मुद्दाम दिवसातून दोनतीनदा चक्कर मारायची. झाकणाचं चित्र हळूहळू भरत होतं. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा सरळ सरळ पट्टे दिसले.

"रनवे का काका?"

त्यांनी भिंगातून वर पाहिलं. एक डोळा सुपारीएवढा. "धानाच्या बांध्या आहेत. मागे तलाव. इथे बगळा येणार."

बांध्या म्हणजे भाताची खाचरं, हे मला काकूंनी सांगितलं. त्यांचं गाव तलावाच्या काठचं.

त्या खाचरांना सावली आणायची होती. त्यासाठी लाकडाच्या कडा गरम वाळूत बुडवून किंचित करपवतात म्हणे. एके सकाळी मी गेले तर स्वयंपाकघरात काकूंच्या पोहे करायच्या कढईत वाळू तापलेली, आणि काका चिमट्याने एकेक पापुद्रा तीत बुडवून काढताहेत. काकू दाराला धरून उभ्या. धाप लागलेली, तरी डोळे कढईवर.

"माझी कढई," एवढंच म्हणाल्या.

"सुमन, होल्ड. आत्ता बोलू नकोस. एक सेकंद जास्त झाला तर जळतं."

मला इतका राग आला, की मी काकूंना धरून आत नेलं आणि दार जरा जोरातच लावलं. बाहेरून आवाज आला, "दार!"

त्यांची मुलगी लीना बंगळुरूला असते. तिला दिवस गेलेले, त्यात काही गुंतागुंत होती म्हणून डॉक्टरांनी प्रवास बंद केलेला. येता येत नाही याचा सगळा संताप ती फोनवर काढायची. "अर्चनाताई, बाबा काय करताहेत? आईशी बोलतात का?"  एकदा तिने फोन स्पीकरवर ठेवायला सांगितला आणि थेट बापालाच झापलं. "बाबा, आईची छाती उघडणार आहेत. कळतंय का तुम्हाला? आणि तुम्ही पेट्या करत बसलाय?"

काकांची सुरी थांबली. वाटलं, आता फुटतील. पण ते फक्त म्हणाले, "लीना, तू टेन्शन घेऊ नकोस. तुझं बीपी वाढेल." आणि पुन्हा खाली वाकले.

सगळं झालं, बगळा काही होईना. अंग झालं, मान झाली, चोच झाली. पाय मोडायचे. दोऱ्याएवढा तो पाय सुरीखाली आला की टिचकन दोन तुकडे. पुन्हा नवा. पुन्हा टिच. आत काकूंना खोकला आला की काकांचा हात थांबायचा, खोकला शमेपर्यंत तसाच हवेत राहायचा, आणि मग खाली यायचा. मला तेव्हा वाटायचं, खोकल्याने टेबल हलतं म्हणून थांबताहेत.

तारीख आठवड्यावर आली तेव्हा सिलिंडरचं प्रकरण झालं. झाकणावर चित्र चिकटवलं होतं. ते सपाट बसावं म्हणून त्यावर वजन ठेवायला हवं. काकांनी खाली फळी, वर फळी, मध्ये झाकण आणि सगळ्याच्या वर घरातला भरलेला गॅस सिलिंडर असा मनोरा हॉलमध्ये उभा केला. आणि नेमका त्याच संध्याकाळी शेगडीचा चालू सिलिंडर संपला. काकूंसाठी खिचडी टाकलेली, अर्धी कच्ची.

"काका, तो सिलिंडर द्या."

"निगेटिव्ह. गोंद ओला आहे."

"काकू उपाशी आहेत!"

"तुझ्या घरून आण ना. सकाळपर्यंत हलवता येणार नाही. आत्ता उचललं तर फुगा धरेल, सगळं वाया जाईल. वेळ नाहीये, अर्चना."

"वेळ नाहीये ते दिसतंय मला!" मी ओरडलेच. "त्या आत एकट्या पडल्यात. त्यांच्यापाशी बसायला वेळ नाही, आणि या पेटीला आहे? कुणाची आहे ही एवढी महत्त्वाची पेटी?"

काका सिलिंडरवर हात ठेवून उभे होते, कुणी पळवून नेईल अशा थाटात. ओठ हलले. वाटलं, पुन्हा 'स्टँडबाय' म्हणणार. तेवढ्यात आतून काकूंचा आवाज आला, "अर्चना, भांडू नको बाप्पा. तुझ्याकडचा वरणभात चालेल मला."

मी वरणभात नेऊन दिला. काकांशी मात्र ऑपरेशनच्या दिवसापर्यंत बोलले नाही.

ऑपरेशनच्या सकाळी मिलिंदने गाडी काढली. काकू पुढे, मी आणि काका मागे. काकांच्या मांडीवर एक कापडी पिशवी, दोन्ही हातांनी धरलेली. स्पीडब्रेकर आला की ते पिशवी उचलून हवेत धरायचे. 

हॉस्पिटलच्या दारात सामान तपासायचं यंत्र होतं. पिशवी आत गेली आणि गार्डने पट्टा थांबवला.

"अंकल, ये क्या है?"

"ब्लेड."

"आप डॉक्टर हैं?"

"निगेटिव्ह."

"तो फिर ब्लेड किसलिए?"

"बगले का एक पैर बाकी है," काका म्हणाले.

गार्डने आमच्याकडे पाहिलं. मी जमिनीकडे पाहिलं. त्याने दुसऱ्या गार्डला बोलावलं. मागे रांग खोळंबली. काकू व्हीलचेअरवर, ओठ निळसर पडलेले. काका समजावून सांगत होते, की पाय लहान आहे, थोडा वेळ लागेल, खोलीत बसून करता येईल. गार्ड म्हणाला, पेशंटच्या खोलीत चाकू नाही म्हणजे नाही. शेवटी मीच ती सुरी काढून त्याच्या हातात दिली. "रख लीजिए भैया. जाने दीजिए हमें." चिमटा आणि भिंग तेवढं त्याने परत पिशवीत टाकलं.

काकांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मला सिलिंडरच्या दिवसाचं सगळं भांडण विसरायला झालं. राग नव्हता त्या नजरेत. घाबरलेला माणूस होता.

वर खोलीत काकूंना हॉस्पिटलचा ढगळ झगा घातला. त्यात त्या आणखीनच लहान दिसायला लागल्या. नर्स आली. तिच्या हातात एक पारदर्शक प्लास्टिकची पिशवी, वर चिकटपट्टी, तिच्यावर काकूंचं नाव.

"आंटी, सब उतार दीजिए. चूड़ी, मंगलसूत्र, नोज पिन. इसमें डालकर घरवालों को दे देंगे."

काकूंनी पिशवीकडे पाहिलं आणि दोन्ही हात छातीशी घट्ट धरले. तोंड पांढरंफटक. इतक्या तपासण्या, सुया, सह्या झाल्या, बाईने हूं की चूं केलं नव्हतं. आता मान हलवत होत्या. नर्स म्हणाली, जल्दी कीजिए आंटी, ओटी तयार है.

"होल्ड," काका म्हणाले.

त्यांनी कापडी पिशवीतून पेटी काढली आणि पलंगावर, काकूंच्या गुडघ्यांपाशी ठेवली.

तयार झालेली ती मी पहिल्यांदाच पाहत होते. शिसमाची, वीतभर लांब. झाकणावर करपलेल्या कडांच्या बांध्या, एकीचा रंग दुसरीला नाही. मागे अक्रोडाचा तलाव, त्याच्या रेषा अशा आडव्या लावलेल्या की पाणी हलतंय असं वाटावं. आणि मध्ये पांढराशुभ्र बगळा, एका पायावर. काकांनी झाकण उघडलं. आत मऊ कापडाचे कप्पे. पाटल्यांसाठी दोन गोल, मंगळसूत्रासाठी एक लांबट, आणि कोपऱ्यात हरभऱ्याएवढा एक खळगा.

"चमकीसाठी," काका म्हणाले.

काकूंनी पाटल्यांच्या गोल कप्प्यातून बोट फिरवून पाहिलं. मग म्हणाल्या, "म्हणजे मी झोपले होते तेव्हा दोऱ्याने माझा हात मोजत होतात? मला वाटलं, नाडी बघताय."

मग माझ्याकडे वळून, हळू आवाजात, धाप सांभाळत त्यांनी सांगितलं. त्यांची थोरली बहीण नागपूरला हॉस्पिटलात वारली. धावतपळत काकू पोचल्या, तर काय झालं ते कुणी सांगायच्या आधीच त्यांच्या हातात एक प्लास्टिकची पिशवी दिली गेली. आत अक्काच्या बांगड्या. तपासणीच्या दिवशी इथेही तशीच पिशवी पुढे केली तेव्हा त्यांचे हात थरथरायला लागले. त्या दिवशी नर्सने दागिन्यांवर नुसती पट्टी लावून भागवलं. "मी यांना काही बोलले नव्हते गं," काकू म्हणाल्या. "हे कोपऱ्यात उभे होते फक्त."

मी काकांकडे पाहू शकले नाही.

पाटल्या साबण लावून निघाल्या. मंगळसूत्र निघालं. चमकी निघेना. लग्नाआधीपासूनची, तिचा मळसूत्री फिरकीचा आटा नाकातच धरून बसला होता. नर्सने ओढून पाहिलं, काकूंच्या डोळ्यांतून पाणी आलं. खाली ऑपरेशन थिएटरातून फोन आला. नर्स म्हणाली, "काटना पड़ेगा. कटर मँगाती हूँ."

"निगेटिव्ह," काका म्हणाले. "सिस्टर, लाइट इधर कीजिए."

त्यांनी कपाळाला भिंग बांधलं. चिमटा पुसला. काकूंची हनुवटी डाव्या हाताच्या दोन बोटांनी वर उचलली आणि वाकले. "कोई हिलेगा नहीं."

कुणी हललं नाही. नर्स दिवा धरून पुतळा झाली होती. दारात स्ट्रेचर घेऊन आलेली दोन माणसं होती, तीही. काकांच्या कपाळावरून घाम ओघळत होता आणि नॅपकिन आज गळ्यात नव्हता, म्हणून मी पुढे होऊन पदराने तो टिपला. चिमटा नाकात किंचित फिरला. थांबला. काकूंचा श्वास भरून आला, तसा काकांचा हात हवेत थांबला, श्वास उतरेपर्यंत तसाच राहिला, आणि मग पुन्हा खाली आला. तेव्हा माझ्या लक्षात आलं, की घरी खोकला आल्यावर ते टेबलासाठी थांबत नव्हते. कान देऊन खोकला ऐकत होते.

फिरकी सुटली. लाल खडा काकांच्या तळहातावर पडला. त्यांनी तो खळग्यात ठेवला आणि झाकण लावलं.

स्ट्रेचरवर घेतल्यावर काकूंचं लक्ष पुन्हा पेटीकडे गेलं. "याचा दुसरा पाय कुठाय?"

"गार्डने ठेवून घेतला."

"राहू द्या ना. बगळा उभा असला की एकच पाय दिसतो."

"पण हा चालतोय, सुमन. काठाकडे येतोय. डिझाइनच तसं आहे."

"मग थांबवा त्याला," काकू म्हणाल्या. "मी येईपर्यंत."

आणि त्यांना नेलं.

सांगितलेल्या वेळेपेक्षा ऑपरेशन बरंच लांबलं. वेटिंग हॉलमध्ये समोर टीव्ही चालू, कुणीतरी पराठे खातंय, कुणाचं लहान मूल रडतंय. काका पेटी मांडीवर घेऊन ताठ बसलेले. पाठ खुर्चीला टेकलेली नाही. दर वेळी ते लोखंडी दार उघडलं, की त्यांचं अंग अर्धं उठायचं. बाहेर कुणा दुसऱ्याचाच डॉक्टर यायचा. लीनाचा सारखा फोन. मी काय सांगणार, "चालू आहे गं." मिलिंदने चहा आणला, तो काकांच्या हातात निवून गेला. एकदा फक्त म्हणाले, "इंधन संपत आलं की विमान सांगतं तरी." 

शेवटी दार उघडून आमचेच डॉक्टर आले. मास्क खाली ओढलेला, चेहरा दमलेला. भराभर बोलायला लागले. काकांनी हात वर केला.

"डॉक्टर साहब, रीडबॅक. ऑपरेशन पूरा हुआ. नया वॉल्व ठीक चल रहा है. कल सुबह तक मशीन पर, उसके बाद होश. करेक्ट?"

 डॉक्टर हसले. "करेक्ट, सर."

डॉक्टर गेले आणि काकांनी खुर्चीवर बसायचा प्रयत्न केला, पण खुर्ची जिथे आहे असं त्यांना वाटलं तिथे ती नव्हती. आम्ही दोघांनी त्यांना काखेत धरून जमिनीवरून उठवलं. पेटी मात्र त्यांनी वर धरली होती. तिला ओरखडासुद्धा नाही.

काकू आयसीयूत. रात्री नातेवाइकांना थांबू देत नाहीत. संध्याकाळी आम्ही काकांना त्यांच्या दारापर्यंत सोडलं. थोड्या वेळाने आमची बेल वाजली. काका, बगलेत स्वतःची उशी आणि चादर.

"आमची लाइट गेलीय," ते म्हणाले. त्यांच्या मागे, त्यांच्या उघड्या दारातून ट्यूबलाइटचा लख्ख उजेड जिन्यात पडला होता.

मिलिंदने मुकाट्याने दिवाण झाडला. दुसऱ्या दिवशी बाथरूमचा नळ टपकत होता, म्हणून झोप येत नव्हती. त्याच्या पुढच्या दिवशी कसलासा वास येत होता. आम्हीही सगळं मान्य करत गेलो. काकू शुद्धीवर आल्या, वॉर्डात आल्या, जेवायला लागल्या, तशी काकांची कारणं दुबळी होत गेली. एका संध्याकाळी तर दार उघडलं आणि ते उशी घेऊन नुसतेच उभे राहिले. काही सुचलंच नव्हतं बहुतेक.

"या ना काका," मी म्हटलं.

त्या दिवशी चहा घेताना आपणहून बोलले. "मला एकट्याला त्या घरात झोप लागत नाही, अर्चना. कधी झोपलोच नाही ना. माझ्या रात्रपाळ्या असायच्या. सकाळी घरी यायचो तेव्हा ती उठलेली असायची, चहा तयार. लीना लहान, इकडे तेव्हा वस्ती नव्हती, चौफेर रान. मी वर टॉवरमध्ये बसून लोकांना उतरवत होतो. ती इथे एकटी कशी झोपायची..." कप बशीत ठेवला. "मी कधी विचारलंच नाही तिला."

"मग आता विचारा. येतीलच घरी."

"हं," ते म्हणाले. त्यात 'अ‍ॅफर्मेटिव्ह' नव्हतं की 'करेक्ट' नव्हतं.

काकू घरी आल्या त्या संध्याकाळी मी दुधीचं सूप घेऊन गेले. दार नुसतं लोटलेलं होतं. हॉलमध्ये कुणी नाही, टेबल आवरलेलं. आतल्या खोलीत दिवा होता. काका पलंगाजवळ स्टूल घेऊन बसले होते, माझ्याकडे पाठ करून. मी हाक मारणार तेवढ्यात त्यांचा आवाज ऐकला. इतका हळू आवाज मी त्यांचा कधी ऐकला नव्हता.

"सुमन, माझी नाईट असायची तेव्हा... तुला भीती वाटायची का गं?"

 चादर सारखी केल्याची सळसळ आली.

"वाटायची ना," त्या म्हणाल्या. "दाराला खुर्ची लावून झोपायचे मी."

"मला कधी दिसली नाही खुर्ची."

"तुम्ही यायच्या आधी काढून ठेवायचे."

मी सुपाचं भांडं ओट्यावर ठेवलं, आणि आवाज न करता दार ओढून घेतलं.